एक तरी माणूस घाबरावा

आमच्या वाचनालयातून नाटक न्यायचं असेल तर आधी मला भेटावं लागतं. हा नियम वाचनालयाचा नाही, माझा आहे. मी विद्युल्लता ताम्हणे. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली आणि भिवंडीतल्या या वाचनालयात नाटकांची दोन कपाटं मी सांभाळते. बिनपगारी सांभाळते, त्यामुळे मला कोणी काढू शकत नाही.

लोक येतात. कोणाचा गणपती असतो, कोणाचं गॅदरिंग, कोणाच्या सोसायटीचा वर्धापनदिन. येतात आणि म्हणतात, "मॅडम, एखादी छोटीशी एकांकिका द्या ना. हसवणारी." मी लगेच देत नाही. आधी चार प्रश्न विचारते. माणसं किती? त्यात बायका किती, आणि त्या खऱ्या बायका आहेत की मिशा काढलेले काका? पाठांतर किती मिनिटांचं झेपेल? आणि शेवटचा, मंडपाच्या शेजारी काय आहे? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक माझ्याकडे बघत बसतात. पण मागे एका मंडळाने मी दिलेली भयएकांकिका पॉवरलूमच्या शेडला लागून केली. सगळी भीती शांततेत होती आणि शेजारी चोवीस लूम चालू. भूत येऊन गेलं ते कोणाला कळलंही नाही. तेव्हापासून मी विचारतेच.

दर महिन्याच्या एक तारखेला दाराजवळच्या फळ्यावर मी शिफारस लिहिते. डावीकडे एक हसवणारी, उजवीकडे एक घाबरवणारी. दोन्ही चाळीस मिनिटांच्या आतल्या आणि दोन्ही आज हयात असलेल्या नाटककारांच्या. गेलेल्यांची शिफारस मी करत नाही. त्यांच्यासाठी शाळा आहेत, विद्यापीठं आहेत, चौकांना नावं आहेत. जिवंत माणसाला कोण विचारतं? 'जावयाला तिखट चालत नाही' ही मी आतापर्यंत पंधरा मंडळांना दिली, पंधराच्या पंधरा ठिकाणी लोक हसले. 'लिफ्टमध्ये पाचवा' दिली तेव्हा त्या सोसायटीतली माणसं आठवडाभर जिन्याने चढली आणि चेअरमन माझ्याशी भांडायला आला. मी त्याला चहा पाजला. इतका चांगला अभिप्राय क्वचित मिळतो.

आता लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकते. दर जानेवारीत फळ्याच्या उजव्या बाजूला मी एक ठरलेलं नाव लिहिते. 'तेराव्यानंतरचा चहा', लेखक स. वि. कामवारीकर. खाली माझा शेरा असतो: 'आजच्या भयनाट्यातला अत्यंत दमदार आवाज. वाचताना दार लावून घ्यावे.' सात वर्षं हा शेरा मी लिहितेय, आणि स. वि. कामवारीकर म्हणजे मीच.

नाव पुरुषाचं घेतलं, कारण बाईने भुताचं लिहिलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? आडनाव आपल्या कामवारी नदीवरून घेतलं. तिच्याकडेही हल्ली कोणी बघत नाही.

एकांकिका अशी आहे. सुमती नावाच्या बाईचा नवरा गेलाय, तेरावं उरकलंय, पाहुणे गेलेत. दुपारचे चार वाजलेत. आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येतो, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" ती भांडी लावता लावता सांगते, "फ्रिजवर आहे." आणि मग तिच्या लक्षात येतं की हे तर गेले. पण आवाज थांबत नाही. गॅस बंद केलास का, पंखा कोणी चालू ठेवला, भाजीवाली आली होती का. ती घाबरते, थरथर कापते, आणि तरी उत्तरं देत जाते, कारण चाळीस वर्षांची सवय जिभेला लागलेली आहे. शेवटी ती दोन कप चहा करते, आणि आतून आवाज येतो, "साखर कमी घाल." पडदा.

लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. आमचे हे जाऊन आठ वर्षं झाली, पण त्याचा या एकांकिकेशी काही एक संबंध नाही. ती शुद्ध कल्पनाशक्ती आहे. आणि माझी अपेक्षा काय होती? बक्षीस नको, टाळ्या नकोत. एक तरी माणूस ती बघून घाबरावा, एवढंच. सात वर्षांत ती कोणी घरी नेली नाही. स्पायरल बाइंडिंगच्या त्या प्रतीच्या मागचं कार्ड कोरं होतं.

यंदा माघी गणपतीच्या महिनाभर आधी पूर्णा गावातून भाविक केणे आला. पूर्ण्याला पूर्वी भातशेती होती, आता गोडाऊन आहेत, आणि त्यातली चार याच्या वडिलांच्या, भाऊंच्या जमिनीवर उभी आहेत. भाविक त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो. माल कुठे निघाला, कुठे पोचला, कोणी सही केली, दिवसभर हेच. गावच्या माघी गणपतीत दरवर्षी ऑर्केस्ट्रा असायचा. गेल्या वर्षी नाचताना दोन गटांत जुंपली, म्हणून यंदा जाणत्या मंडळींनी नाटक ठरवलं होतं.

"माणसं किती?" मी विचारलं.

"दोन. आई आणि बाबा. बाकी सगळे बोलले आमी बघायला बसतो."

"पाठांतर?"

"आईला हळदीची गानी पाठ हायत, रात्रभर पुरतील एवढी. बाबांना स्वतःचा मोबाईल नंबर पन पाठ न्हाय."

"मंडपाशेजारी काय?"

"गोडाऊन. पन त्या संध्याकाळी ट्रक बंद ठेवू. आणि मॅडम, एक. भूत न्हाय पायजे. आई बोलली बाप्पासमोर भूत आनायचा न्हाय."

बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडेही गणपतीत अशुभ बोलत नाहीत. मी दोन पात्रांच्या तीन विनोदी एकांकिका काढून दिल्या. आणि मग, देवाशपथ सांगते, माझा हात स्वतःहून कपाटात गेला आणि चौथी प्रत त्या गठ्ठ्याच्या खाली सरकवून बाहेर आला. असू दे, मनात म्हटलं, निदान कार्डावर एक तारीख तरी पडेल.

तिसऱ्या दिवशी भाविक हसत हसतच आत आला. वाचनकक्षातल्या दोन आजोबांनी पेपर खाली करून त्याच्याकडे रागाने बघितलं.

"मॅडम, फायनल. ही चौथी." माझी स्पायरलची प्रत त्याने टेबलावर ठेवली. "काय कॉमेडी हाय. जेवनाच्या सुट्टीत गोडाऊनमध्ये मोठ्यानं वाचली. पॅकिंगवाले, हमाल, यूपीचे ड्रायव्हर, सगळे हसून हसून लोळले. ड्रायव्हर लोकांना मी हिंदीत करून सांगत होतो. एकाचा डबा सांडला."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "भाविक, ती भयएकांकिका आहे."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? मेलेला नवरा आतल्या खोलीतून बोलतो."

"तेच तर. मेला तरी चष्मा सापडत न्हाय." आणि तो पुन्हा हसायला लागला, टेबलाला धरून.

मला लेखिका म्हणून भांडता येईना. शिफारस करणारी म्हणून जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. वातावरण सांगितलं, सूचक शांतता सांगितली, दोन कपांचा अर्थ सांगितला. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि मी 'साखर कमी घाल' म्हटल्यावर पुन्हा फुटला. शेवटी म्हणाला, "एक काम करा. लेखकाला विचारा. ते बोलले घाबरवनारी हाय, तर आमी सोडून देतो. बाप्पासमोर न्हाय करनार. ते बोलले हसवनारी, तर ही फिक्स."

म्हणजे बघा माझी पंचाईत. भयएकांकिका म्हणावं, तर सात वर्षांनी पहिल्यांदा उभी राहणारी एकांकिका पुन्हा कपाटात. विनोदी म्हणावं, तर मीच माझ्या हाताने तिचा गळा दाबायचा. दोन दिवस मी धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी स. वि. कामवारीकरांच्या नावाने पत्र लिहिलं: 'सदर एकांकिका विनोदी असून तिच्या प्रयोगास माझी हरकत नाही.' 'विनोदी' हा शब्द लिहिताना पेन दोनदा थांबलं. पण मनात एक आशा होती. गोडाऊनमध्ये हसले ते वाचून हसले. रंगमंचावर भाविकची आई, कमळाबाई, त्या आवाजाला उत्तर देतील तेव्हा त्या अख्ख्या मंडपात कोणी ना कोणी घाबरेल. एकजण पुरे होता मला.

भाविकने पत्र उलटसुलट करून बघितलं. "पत्ता न्हाय याच्यावर."

"लेखक आहेत. पत्ता विसरले असतील."

"पत्त्याशिवाय कसं चालंल मॅडम? आमच्याकडे कागदाशिवाय खिळा पन आत येत न्हाय." त्याने खिशातून एक छापील फॉर्म काढला. पोचपावतीच होती ती, फक्त 'मालाचे वर्णन' खोडून 'नाटक' केलं होतं. "याच्यावर समोरासमोर सही लागंल. आणि लेखकाला प्रमुख पाहुने म्हनून बोलवायचं हाय. शाल, नारळ, आमंत्रन. कुठं राहतात?"

खोटं बोलायची सवय नसली की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी म्हणाले, "वज्रेश्वरीला. त्यांना संधिवात आहे, दिवसभर गरम पाण्याच्या कुंडात बसलेले असतात. मोबाईल नाही. कोणाला भेटत नाहीत. स्वभाव अतिशय तिरसट."

"वज्रेश्वरी ना? रोज गाडी जाते आपली," भाविक म्हणाला. "आणि भेटायचं कुठं हाय? डिलिव्हरी द्यायची फक्त."

मी निश्चिंत होते. नसलेला माणूस कुठून सापडणार? दोन दिवसांत हे लोक कंटाळतील, पत्रावर भागवतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, डिलिव्हर्ड."

"काय डिलिव्हर्ड?"

"लेखक मिळाले."

मोबाईलवर फोटो आला. छातीपर्यंत पाण्यात बसलेला एक म्हातारा, डोक्याला पंचा, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात फॉर्म पाण्यापासून वर धरलेला. तोंडात दात चार, आणि चारही हसत होते.

झालं होतं असं की यांचा देवेश नावाचा डिलिव्हरीवाला कुंडाकुंडावर 'कामवारीकर कोण?' असं विचारत फिरला. दोन कुंडांवर लोकांनी माना हलवल्या. तिसऱ्या कुंडावर या म्हाताऱ्याने विचारलं, "काय आनलंय?" देवेश म्हणाला, शाल आणि नारळ. म्हातारा म्हणाला, "मंग मीच."

"पण सही 'नामा' अशी आहे," मी फोनवर म्हटलं.

"ते खरं नाव असेल. कामवारीकर टोपननाव. लेखक लोकांचं आसतं ना?"

"अरे, पण खात्री नको करायला? नाव वेगळं, माणूस वेगळा."

"मॅडम, आमच्यात घेनारा 'मीच' बोलला आणि सही केली की माल पोचला. त्याच्यापुढं विचारत बसलो तर दिवसाला दहा डिलिव्हऱ्या पन व्हायच्या न्हाईत. मागं मानकोलीला एक मिक्सर भलत्याच घरात दिला. अजून त्याच्यात चटनी वाटतात ते. कोनाची तक्रार न्हाय."

हा तो नव्हे म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तो कोण? आणि सात वर्षं फळ्यावर स्वतःला 'अत्यंत दमदार आवाज' म्हणणारी बाई म्हणून मी भिवंडीत तोंड कसं दाखवणार होते? पेपर वाचणाऱ्या त्या दोन आजोबांना तर उरलेल्या आयुष्याला विषय पुरला असता. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तालमीला मी दोनदा गेले, शिफारस केलेल्या मालाची जबाबदारी म्हणून. भाऊ पडद्यामागे खुर्ची टाकून मोबाईलवरून वाक्यं वाचत होते. कमळाबाईंना मात्र माझा शब्द न् शब्द पाठ होता. कपाळावर पदर ओढून त्या 'फ्रिजवर हाय' म्हणायच्या आणि तालीम बघायला आलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडायच्या. माझं 'आहे' त्यांनी 'हाय' केलं होतं. ते मी सोडून दिलं.

एकदा नामालाही गाडीतून आणलं. त्याने आधी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पोटभर खाल्लं. मग कोणीतरी विचारलं, लेखकसाहेब, काही सूचना? त्याने विचारलं, "नवरा हाय का त्याच्यात?" हो म्हटल्यावर म्हणाला, "मंग खोकला पायजे." आणि तालीम सुरू व्हायच्या आत भिंतीला टेकून घोरायला लागला. भाऊंनी पहिल्या वाक्याआधी खोकून बघितलं. खरं सांगते, फार चांगलं झालं ते. मला मेलीला सात वर्षांत खोकला सुचला नव्हता. मी घरी जाऊन उशीवर दोन बुक्क्या मारल्या.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी होता. दोन गोडाऊनच्या मधल्या जागेत मंडप, एका टोकाला बाप्पा आणि समोरच्या टोकाला रंगमंच. म्हणजे बाप्पाला अगदी समोरून दिसेल असा. ट्रक ओळीने बंद उभे होते आणि त्यांच्या टपांवरही माणसं बसली होती. पहिल्या रांगेत मधल्या सोफ्यावर प्रमुख पाहुणे नाटककार नामा आणि त्यांच्या शेजारी मी. सुरुवातीलाच त्याला शाल घातली. 'तुमच्या लेखनीला सलाम' असं एकजण म्हणाला आणि नामाने त्याला आशीर्वाद दिला. माझे डोळे भरून आले होते. रागाने.

पडदा उघडला. कमळाबाईंनी घरून खरी शेगडी, खरा फ्रिज आणला होता. आतून भाऊ खोकले आणि म्हणाले, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?" आणि पाचशे माणसं जी हसायला लागली ती थांबेचनात. कमळाबाईंनी तोंड उघडायच्या आत समोरच्या बायकाच ओरडून सांगायच्या, फ्रिजवर हाय. 'गॅस बंद केलास का?' म्हटल्यावर मागून एक पुरुषी आवाज आला, 'आरं, मेलास ना, आता कशाला चौकशी?' लोक पोट धरून हसत होते. मी एकेका चेहऱ्याकडे मान वळवून बघत होते, कोणी तरी घाबरलंय का. एका बाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मला आशा वाटली. पण ते हसून आलेलं होतं. मला रडू येत होतं. सात वर्षं जपलेली माझी भीती, आणि तिच्यावर हे दात काढतायत.

तेवढ्यात सोफा हलायला लागला. मला वाटलं नामाही हसतोय. वळून बघितलं तर तो शाल गळ्याशी आवळून धरून बसला होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे बंद करायला सांगा ना."

"का?"

"भ्या वाटतं."

मला इतका आनंद झाला की तो आता सांगायचीही लाज वाटते. मी त्याच्याकडे सरकून बसले. "नक्की कुठे भीती वाटली? चष्म्याला की गॅसला?"

"ती जबाब देते ना, तवा," नामा म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बरोबर तिथेच. मी लिहिताना जिथे थांबले होते, तिथेच घाबरला तो. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पुढे काय झालं ते मी नीट बघितलंच नाही. दोन कप झाले, साखर कमी झाली, पडदा पडला, शिट्ट्या वाजल्या.

भाविक माईक घेऊन आला. "आता आपले प्रमुख पाहुने, आजच्या काळातले मोठे विनोदी नाटककार, दोन शब्द बोलतील."

दोघांनी धरून नामाला वर नेलं. त्याने माईककडे बघितलं, बाप्पाकडे बघितलं आणि हात जोडले.

"मी न्हाय लिवलं," तो म्हणाला. "मना सहीपुरतंच लिवता येतं. नारळ बघितला आन हो बोललो."

लोक पुन्हा हसले. लेखक किती विनोदी, असं माझ्या मागे कोणीतरी म्हणालंसुद्धा. नामा थांबला नाही. बाप्पाकडे तोंड करूनच बोलत राहिला. "पन ज्यानं लिवलंय त्याच्या घरात आवाज येतो. मना म्हाईत हाय. माझी जाऊन तीन वर्सं झाली. रोज दिवेलागणीला इचारते, कोंबऱ्या झाकल्या का. कोंबऱ्या इकून टाकल्या कवाच. म्हनून मी कुंडात जाऊन बसतो. कान बुरले का ऐकू येत न्हाय."

आता मात्र कोणी हसलं नाही. भाविक हातातला फॉर्म बघत होता. त्याच्या नोकरीत माल चुकीच्या माणसाला गेला हे कबूल करायची वेळ भर मंडपात आली होती. "मग लेखक कोन?" त्याने माईकमध्येच विचारलं. "सही तर घेतलीय."

मी उठले. आपण उठलोय हे मला उठल्यावर कळलं. "मी."

"मॅडम, तुमी बसा, मी बघतो काय ते."

"अरे, मी लिहिलंय ते. कामवारीकर मीच. पत्रही मीच लिहिलं."

"विनोदी हाय ते पन?"

"ते खोटं लिहिलं. भयएकांकिका आहे ती. बाप्पासमोर खोटं सांगणार नाही."

मंडपात कुजबुज सुरू झाली. बाप्पासमोर भूत उभं केलं म्हणजे आता गावाला काय काय भोगावं लागणार, असं एक म्हातारे गृहस्थ बोलायला लागले. तेव्हा कमळाबाई पडद्यातून बाहेर आल्या, हातात तो चहाचा कप तसाच. त्यांनी भाविकच्या हातातून माईक घेतला.

"बाईनंच लिवलंय, मना पहिल्या दिवशी कललं," त्या म्हणाल्या. "चष्मा फ्रिजवर आसतो हे पुरुषाला कुठून म्हाईत? आन भूत कुठं हाय त्याच्यात? नवराच हाय."

बायकांच्या बाजूने पहिली टाळी पडली आणि विषय मिटला. पडद्यामागून भाऊ खोकले. भाविकने मला वर बोलावलं, फॉर्मवरचं 'नामा' खोडलं आणि ओळखपत्र मागितलं. मी पर्समधून वाचनालयाचं कार्ड दाखवलं, ते त्याने दोन्ही बाजूंनी तपासलं. शालीचा प्रश्न आला तेव्हा तो नामाकडे वळून म्हणाला, "रिटर्न घ्यावी लागंल." नामाने शाल आणखी घट्ट गुंडाळली. मी म्हटलं, राहू दे त्यांना. पाचशे माणसांत एकट्याने कमावलीय ती.

सगळं आवरेपर्यंत आम्ही दोघं मंडपाच्या कडेला चहा घेत बसलो होतो. नामाला सोडायची गाडी अजून यायची होती.

"तुमचे काय इचारतात?" त्याने एकदम विचारलं.

हे मी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलेलं नाही. माझी मुलगी आसावरी दर आठवड्याला फोन करते, तिलाही नाही. तिने मला लगेच डॉक्टरकडे नेलं असतं. पण या माणसाला कसली शुद्ध कल्पनाशक्ती सांगणार?

"नेलकटर कुठे ठेवलंस, म्हणून विचारतात."

"रोज?"

"फक्त रविवारी. रविवारी नखं काढायचे."

"मंग तुमी काय सांगता?"

"काहीच नाही. टीव्हीचा आवाज मोठा करते."

नामाने चहा संपवला आणि कप खाली ठेवला. "किती वर्सं झाली?"

"आठ वर्षं."

"मी तरी झाकल्या म्हनून सांगतो. मंग गप बसते, दुसऱ्या दिवसापतूर," तो म्हणाला. "तुमी सांगतच न्हाय, तर त्यांनी करायचं काय?"

एवढ्यात गाडी आली आणि तो शाल सावरत जाऊन बसला. नारळ त्याने सोफ्याखाली ठेवला होता, तोही आठवणीने नेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी टीव्ही लावला नाही. हात पुसत स्वयंपाकघरात उभी राहिले, आणि दहाच्या सुमारास विचारणं झालं. मी हात पुसायचं थांबवलं आणि म्हटलं, "कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. आणि नखं पेपरवर काढा, लादीवर नको."